कूतचा शिधा : वेढ्यातील अन्नाचा हिशेब आणि प्रवाद

सैन्य पोटावर चालते, हे वाक्य शाळेतील मुलांच्याही तोंडी असते. कोणी ते नेपोलियनच्या नावावर सांगतात, कोणी प्रशियाच्या फ्रेडरिकच्या. या दोघांपैकी कोणी ते खरोखर उच्चारले होते काय, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वाक्य खरे वाटते, एवढ्यावर सर्वांचे समाधान होते. सैनिकांच्या अन्नाविषयी जे बोलले जाते त्यातील पुष्कळसे याच जातीचे असते. आमच्या शाळेतील मुले एके दिवशी सांगतात की सैनिकाला रोज पंचपक्वान्ने मिळतात. तीच मुले दुसऱ्या दिवशी करपलेल्या पोळीचे छायाचित्र पाहून येतात आणि सैनिक उपाशी असल्याचे सांगतात. दोन्ही वेळी त्यांच्या बोलण्यात सारखाच ठामपणा असतो. शितावरून भाताची परीक्षा करावी हे खरे. पण ते एका पातेल्यातील भातापुरते खरे. हजारो चुलींच्या सैन्याची परीक्षा एका ताटावरून करता येत नाही.

मग ती कशावरून करावी? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका जुन्या उदाहरणाच्या आधारे करणार आहोत. वेढ्यातील उपासमार म्हटली की मराठी वाचकाला १७६१ चे पानिपत आठवते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु आमच्या पुढचे उदाहरण पानिपताइतके परिचित नाही, आणि त्यात मराठी माणसांचा वाटा मात्र मोठा आहे. ते आहे मेसापोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, कूत-अल-अमारा या गावाच्या वेढ्याचे. पहिल्या महायुद्धात डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत हा वेढा चालला. वेढ्यात सापडलेले सैन्य होते हिंदी लष्कराचे सहावे, म्हणजे पुणे, डिव्हिजन. त्यात १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा या तीन पलटणी होत्या. दख्खनचे व कोकणचे मराठे आणि त्यांच्याबरोबर दख्खनी मुसलमान या पलटणींतून भरती होत असत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आज बेळगावी आहे, आणि पहाटेच्या कवायतीचे बिगुल आम्हां बेळगावकरांच्या कानांवर रोज पडतात. कूतची हकीकत आम्हांस दूरच्या देशाची वाटत नाही, याचे हे एक कारण.

प्रथम घटनाक्रम थोडक्यात सांगणे अवश्य आहे. नोव्हेंबर १९१४ मध्ये हिंदी सैन्याने बसरा घेतले. पुढील वर्षी मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड याच्या हाताखाली पुणे डिव्हिजन तैग्रिस नदीच्या काठाने वर सरकत गेले. सप्टेंबर १९१५ च्या अखेरीस त्याने कूत काबीज केले आणि बगदादची वाट धरली. बगदादच्या अलीकडे टेसिफॉन येथे नोव्हेंबरमध्ये तुर्कांशी घनघोर लढाई झाली. तीत डिव्हिजनची इतकी हानी झाली की त्यास माघार घ्यावी लागली. ३ डिसेंबर १९१५ रोजी थकलेले सैन्य कूत येथे परतले आणि चार दिवसांत तुर्कांनी गावाभोवती वेढा आवळला. आत सुमारे साडेअकरा हजार सैनिक, साडेतीन हजार सेवक आणि सुमारे सहा हजार अरब रहिवासी होते. रहिवाशांना बाहेर घालवावे असा विचार झाला होता. परंतु हिवाळ्याच्या तोंडावर बायकामुलांना वाळवंटात लोटणे म्हणजे त्यांस मृत्यूच्या हवाली करणे होय, हे राजकीय अधिकारी सर पर्सी कॉक्स याने निदर्शनास आणले, आणि बहुतेक लोक आतच राहिले. ही माणुसकीची गोष्ट झाली. पण तिच्यामुळे खाणारी तोंडे वाढली, हेही लक्षात ठेवावयास हवे.

आता अन्नाचा हिशेब पाहू. वेढ्याच्या आरंभी टाउनशेंडने बाहेर कळविले ते असे की, ब्रिटिश सैनिकांसाठी एक महिन्याचा आणि हिंदी शिपायांसाठी दोन महिन्यांचा पूर्ण शिधा आपल्यापाशी आहे. वाचकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व अनर्थाचे मूळ त्यात आहे. दोन महिने म्हणजे फेब्रुवारीचा आरंभ. तोपर्यंत कूतची सुटका झाली नाही तर सैन्य उपाशी मरणार, असा त्याचा अर्थ बसऱ्याच्या वरिष्ठांनी घेतला, आणि तो घेणे साहजिकच होते.

सुटकेसाठी जनरल एल्मर याच्या हाताखाली जे सैन्य जमविण्यात आले, त्यास पुरती जमवाजमव करण्यास वेळच मिळाला नाही. फ्रान्समधून व हिंदुस्थानातून येणाऱ्या पलटणी जशा उतरतील तशा पुढे धाडण्यात आल्या. कोणाच्या तोफा मागे राहिल्या, कोणाची वाहने, कोणाचे दवाखाने. जानेवारी १९१६ मध्ये शेख साद येथे सुमारे चार हजार, वादी येथे सोळाशेहून अधिक आणि हन्ना येथे सुमारे सत्तावीसशे माणसे मृत वा जखमी झाली. तीन आठवड्यांत तीन लढाया झाल्या आणि कूतचा वेढा जसाच्या तसा राहिला.

हन्नाच्या पराभवानंतर, जानेवारीच्या अखेरीस, कूतमध्ये घरोघर धान्याचा शोध घेण्यात आला. अरबांच्या घरांतून लपविलेले धान्य निघाले आणि जवाचा मोठा साठा हिशेबात धरण्यात आला. सैन्यापाशी सुमारे तीन हजार घोडी व खेचरे होती. तीही अन्नात मोजण्यात आली. आणि मग टाउनशेंडने कळविले की आपण आणखी ८४ दिवस तग धरू शकतो. म्हणजे फेब्रुवारीच्या आरंभी संपणारे अन्न एकाएकी एप्रिलच्या मध्यापर्यंत पुरणारे ठरले. धान्य काही आकाशातून पडले नव्हते. ते पहिल्या दिवसापासून तेथेच होते. ते मोजले मात्र गेले नव्हते.

या ठिकाणी टाउनशेंडच्या बाजूने जे म्हणता येईल तेही सांगितले पाहिजे. वेढ्याच्या पहिल्या दिवसांत खंदक खणणे, जखमींची सोय लावणे आणि तुर्कांचे हल्ले परतविणे यांतच सर्वांचा वेळ गेला. शिवाय, गॅलिपोलीतून दोस्तांचे सैन्य जानेवारीत निघून गेल्यामुळे मोकळ्या झालेल्या तुर्की फौजा मेसापोटेमियाकडे वळतील, ही भीती खरी होती. म्हणून त्वरा करण्यास अन्नाखेरीज अन्य कारणेही होती. टाउनशेंडची एक आठवणही येथे काम करीत असावी. १८९५ साली चित्रळच्या किल्ल्यात तो याचप्रमाणे वेढला गेला होता, सुमारे दीड महिना टिकला होता, आणि त्याची सुटका झाली होती. कूतलाही तसेच होईल असे त्याने गृहीत धरले असावे, असे आमचे अनुमान आहे. हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरते. जवळपास सहा आठवडे सैन्याला पूर्ण शिधा मिळत होता. तो अर्धा करण्यात आला जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यानंतर. शाळेतील मुलगाही हा हिशेब करू शकेल की, सहा आठवड्यांचा पूर्ण शिधा अर्ध्या प्रमाणात दिला असता तर तो बारा आठवडे पुरला असता. आरंभीच कोठार मोजले असते, तर एल्मरला सैन्य जमविण्यास वेळ मिळाला असता. एवढ्याने कूत वाचले असते असे कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. परंतु जानेवारीच्या त्या तीन लढाया त्या घाईने, त्या अपुऱ्या तयारीने लढाव्या लागल्या नसत्या, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

आता आपण ज्या प्रवादासाठी हे उदाहरण निवडले त्याकडे वळू. कूत पडले ते हिंदी शिपायांनी घोड्याचे मांस खाण्याचे नाकारल्यामुळे, असे पुढे वारंवार सांगण्यात आले. टाउनशेंडने १९२० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या नकारास मोठा दोष दिला, आणि नंतरच्या अनेक लेखकांनी त्याचीच री ओढली. हिंदी शिपाई धर्मवेडा, म्हणून उपाशी राहिला, आणि त्याच्या उपवासाने सर्वांचा घात केला, असा या म्हणण्याचा सारांश.

हे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही, आणि म्हणूनच ते टिकले. जानेवारीच्या अखेरीपासून ब्रिटिश सैनिक घोड्याचे मांस खाऊ लागले. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी, हिंदूंनी तसेच मुसलमानांनी, ते नाकारले. मांस न खाणाऱ्यास पीठ अधिक द्यावे लागे, आणि त्या मानाने कोठार लवकर रिकामे होई, हेही खरे. हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांची अनुज्ञा बिनतारी यंत्राने मागविण्यात आली, आणि ती आलीही. तरी शिपायांचे मन वळेना. त्यांस भीती होती ती धर्मशास्त्राची नव्हती, गावाची होती. घोडा खाल्ला हे गावी कळले तर पंगतीस कोण घेईल आणि मुलीस कोण पत्करील, हा त्यांचा प्रश्न होता. दिल्लीच्या मौलवीची वा काशीच्या पंडिताची आज्ञा गावच्या पारावर चालत नाही, हे खेड्यात वाढलेल्या कोणासही सांगावे लागत नाही. अखेर एप्रिलमध्ये, पिठाचा शिधा दिवसाला ५ औंसांवर, म्हणजे सुमारे १४० ग्रॅमवर आला, तेव्हा हजारो शिपायांनी ते मांस खाल्ले. पण तोपर्यंत त्यांची शरीरे खंगली होती.

शिपायांचा हा अविश्वास एका दिवसात जन्मला नव्हता. १८५७ च्या आरंभी उत्तर हिंदुस्थानातील छावण्यांतून कणकेत हाडांचा भुगा मिसळला आहे अशी वार्ता पसरली होती, आणि कानपुरास स्वस्त पीठही लोक घेईनासे झाले होते. त्या वार्तेला आधार नव्हता. परंतु काडतुसांच्या चरबीविषयीचा संशय मात्र निराधार नव्हता, आणि एका बाबतीत ज्याचा विश्वास गमावला, त्याने दुसऱ्या बाबतीत खरे सांगितले तरी ते कोणी मानीत नाही. अन्नाविषयीच्या अफवेचे मूळ पुष्कळदा अन्नात नसते. देणारा व खाणारा यांच्यातील संबंधात ते असते.

तथापि प्रवादाचा सर्वांत मोठा दोष निराळाच आहे. कोण चांगले खात होता आणि कोण वाईट, हे तो आधीच ठरवून टाकतो. कूतच्या वैद्यकीय व्यवस्थेचा प्रमुख कर्नल पॅट्रिक हेहिर याने वेढ्यातील रोगांची जी नोंद ठेवली, ती या दृष्टीने वाचनीय आहे. हिंदी शिपायांत स्कर्व्हीचे हजाराहून अधिक रोगी झाले. हिरड्या सुजणे, रक्त येणे, जुन्या जखमा उघडणे ही या रोगाची लक्षणे. ताज्या भाजीपाल्याच्या वा ताज्या मांसाच्या अभावी तो होतो. ब्रिटिश सैनिक घोड्याचे ताजे मांस खात असल्यामुळे या रोगापासून पुष्कळ अंशी बचावले. पण त्यांच्यात बेरीबेरी हा दुसरा रोग आढळला, आणि त्याचे कारण होते त्यांचा पांढऱ्या पिठाचा पाव. कोंडा व अंकुर काढून टाकलेल्या त्या पिठात या रोगास आवर घालणारे द्रव्य उरलेले नव्हते. पांढरे पीठ संपले, आणि हिंदी शिपायांची जाडीभरडी जवमिश्रित कणीक ब्रिटिश सैनिकांनाही खावी लागली, तेव्हा हा रोग ओसरला. म्हणजे ज्याचे ताट उंची समजले जात होते त्याला एका रोगाने ग्रासले, ज्याचे हलके समजले जात होते त्याला दुसऱ्याने; आणि पहिल्याचा रोग दुसऱ्याच्या पोळीने बरा केला. ताटाकडे नुसते पाहून हे कोणाला कळले असते?

या प्रश्नाचा अभ्यास पुढे लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये झाला. हॅरिएट चिक व मार्गारेट ह्यूम या विदुषींनी लष्करी शिध्यातील कोणत्या पदार्थात बेरीबेरी व स्कर्व्ही यांस प्रतिबंध करणारी द्रव्ये आहेत याचे प्रयोग केले. हिंदी शिपायांना आंबटासाठी देण्यात येणारी चिंच, आमसूल व आमचूर हीदेखील त्यांच्या संस्थेत तपासली गेली, आणि या सुकविलेल्या पदार्थांचा स्कर्व्हीवरील गुण फारच अल्प असल्याचे १९१९ साली प्रसिद्ध झाले. आमच्या कोकणच्या व गोव्याच्या वाचकांस हे वाचून थोडे वाईट वाटेल. त्यांच्या समाधानासाठी हेही सांगतो की, मोड आणलेली कडधान्ये या रोगावर गुणकारी असल्याचे त्याच काळात सिद्ध झाले. मात्र ती फार वेळ शिजवू नयेत अशी अट होती. कोरड्या मुगात किंवा हरभऱ्यात जे नसते ते मोड येताच उत्पन्न होते. आपल्या घरची उसळ तैग्रिसच्या काठी कोणी वेळेवर सुचविली असती, तर कित्येकांच्या हिरड्या वाचल्या असत्या. धान्य भिजविण्यास फक्त पाणी आणि दोन दिवस लागतात.

कूतच्या अखेरच्या दिवसांची हकीकत संक्षेपाने सांगून हा भाग पुरा करतो. धान्य दळण्यास जाती अपुरी पडली, तेव्हा विमानातून जात्याचे दगड टाकण्यात आले. एप्रिलमध्ये विमानांनी पिठाची पोतीही टाकली. युद्धाच्या इतिहासात वेढलेल्या सैन्यास विमानाने अन्न पुरविण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न होय. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांच्या हाती गेली, आणि जी पोहोचली ती इतक्या तोंडांना पुरण्यासारखी नव्हती. २४ एप्रिलच्या रात्री ‘जुलनार’ नावाची आगबोट २७० टन अन्न घेऊन वेढा भेदण्यास निघाली. कूतच्या अलीकडेच ती अडकली आणि शत्रूने ती घेतली. २९ एप्रिल १९१६ रोजी टाउनशेंडने शरणागती पत्करली. सुटकेच्या सर्व प्रयत्नांत मिळून सुमारे तेवीस हजार माणसे मृत वा जखमी झाली होती, आणि शरण गेलेल्यांची संख्या सुमारे तेरा हजार होती. खंगलेल्या कैद्यांना तुर्कांनी प्रथम दिली ती दगडासारखी कडक बिस्किटे. महिनोन्महिने अर्धपोटी राहिलेल्यांच्या आतड्यांना ती सोसली नाहीत, आणि पुष्कळजण पहिल्याच मुक्कामात दगावले. उरलेल्यांपैकी हजारो वाळवंटातील वाटचालीत आणि मजुरीच्या छावण्यांत मेले. सेनापती टाउनशेंड युद्धाच्या अखेरीपर्यंत कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर सुखाने राहिला.

ब्रिटिश पार्लमेंटने नेमलेल्या मेसापोटेमिया कमिशनचा अहवाल जून १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरवठा, वाहतूक व औषधोपचार यांतील दैन्य त्याने उघड केले, आणि पुढील महिन्यात भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्याआधी, टेसिफॉनहून आलेल्या जखमींची भयंकर अवस्था ज्या डॉक्टरने प्रथम वर कळविली, त्या मेजर कार्टरलाच वरिष्ठांनी धमकाविले होते. आणि त्याच जखमींच्या सोयीविषयी सर्व काही उत्तम चालल्याचे तारेने कळविण्यात आले होते. सरकारी तार आणि बाजारातील अफवा या दोघींचा स्वभाव अशा वेळी एकच होतो.

आणखी एका सुधारणेचा येथे उल्लेख केला पाहिजे. युद्धापूर्वी हिंदी शिपायास शांततेच्या काळात आपले अन्न पगारातून स्वतः विकत घ्यावे लागे. सरकारी शिधा मिळे तो मोहिमेवर. घरी पैसे पाठविण्यासाठी शिपाई पोटाला चिमटा घेत असे. हा येथे नुसता वाक्प्रचार नाही. त्याच्या हाडामासाची ती गोष्ट होती. जानेवारी १९१७ पासून हिंदी शिपायांस शांततेतही मोफत शिधा मिळू लागला. कूतमध्ये जे शिपाई वेढ्यात सापडले, ते या सुधारणेपूर्वीच्या अन्नावर पोसलेले होते. त्यांच्या शरीरात राखीव असे कितीसे असणार? घोड्याच्या मांसाचा प्रवाद सांगणारे ही गोष्ट सांगत नाहीत.

आमच्या मते या सर्वांतून इतिहासाच्या अध्यापकास एक साधी पद्धत मिळते. सैनिकांच्या अन्नाविषयी कोणतेही विधान पुढे आले, की चार प्रश्न विचारावेत. कोठार कोणी मोजले, आणि केव्हा? दर माणशी किती माप मिळाले, आणि ते किती दिवस? दवाखान्याच्या नोंदीत त्या काळात कोणते रोग आढळतात? आणि चौथा, सांगणाऱ्यास ते सांगण्यात काय मिळवावयाचे होते? आरंभीचा दोन महिन्यांचा आकडा पहिल्या प्रश्नापुढे टिकत नाही. धर्मवेड्या शिपायाचा प्रवाद तिसऱ्या व चौथ्या प्रश्नांपुढे टिकत नाही. मुलांनी आणलेल्या करपलेल्या पोळीच्या छायाचित्रालाही हेच प्रश्न लावावेत, आणि पंचपक्वान्नांच्या वर्णनालाही. कदाचित ते छायाचित्र खरे ठरेल. तसे ठरल्यास तक्रार करणाऱ्या शिपायाला कोणी कार्टरसारखे धमकावू नये, हेही मुलांना शिकविले पाहिजे. खोट्या बातमीची भीती दाखवून खरी तक्रार दडपणे हा काही इतिहासाचा धडा नव्हे.

मेसापोटेमियात मेलेल्या आणि ज्यांच्या कबरी ज्ञात नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी बसरा येथे स्मारक उभारण्यात आले. त्यावर ब्रिटिशांची नावे कोरली गेली. हिंदी सैन्यातील अधिकाऱ्यांची नावेही कोरली गेली. साध्या शिपायांची केवळ संख्या लिहिली गेली. ज्यांच्या वाट्याचे पीठ औंसाऔंसाने मोजले गेले, त्यांची नावे दगडावर आली नाहीत. आम्हां अध्यापकांना ती नावे आज कोरता येणार नाहीत. पण त्यांच्या उपवासाविषयी जे खोटे सांगितले जाते, ते वर्गात पुन्हा सांगितले जाणार नाही एवढी काळजी आम्हांस घेता येईल, आणि ती घेणे आमचे कर्तव्य आहे.